पॉटरचा बैल आणि आमचे मामा

चित्रकलेतले आम्हांला कळते ते पुस्तकातले. बैलांतले तेवढेही नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात आजोळी गेलो, तेव्हा पाउलुस पॉटर या डच चित्रकाराच्या ‘बैल’ या चित्राची छापील प्रत मोठ्या ऐटीने मामांपुढे उलगडली.

मूळ चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. पावणेआठ फूट उंच नि अकरा फूट रुंद! म्हणजे बैल जवळजवळ खऱ्या बैलाएवढाच. एरवी एवढे मोठे कापड राजेरजवाडे नि देवादिकांसाठी राखलेले. पॉटरने १६४७ साली, एकविशी-बाविशीच्या वयात, ते एका खोंडाला देऊन टाकले. आधी बैल एकटाच होता. मग दोन्ही बाजूंना नि वरती कापडाच्या पट्ट्या जोडल्या गेल्या, आणि त्या वाढीव जागेत गाय, मेंढा, मेंढी, कोकरू नि झाडाजवळचा शेतकरी दाखल झाले. दूरवर राइस्वाइकच्या चर्चचा मनोरा. माणूस इथे पाहुणा, घरधनी बैल.

मामांनी चष्मा चढवला. “याला वशिंड नाही रे.”

तिकडच्या बैलांना ते नसतेच, असे मी ज्ञान पाजळले.

“ते असू दे. पण शिंगं कोवळी अन् खांदे पोक्त बैलाचे. हा एक बैल नव्हे, दोन-तीन आहेत.”

मी गारच पडलो! जाणकारांचे म्हणणे नेमके हेच आहे. निरनिराळ्या वयांच्या जनावरांची रेखाटने जुळवून पॉटरने हा बैल उभा केला असावा. वास्तव चित्रणाचा नमुना म्हणून जगभर नावाजलेले हे जनावर कुठल्याच कुरणात कधी चरले नव्हते!

“म्हणजे खोटाच की,” मी खट्टू होऊन म्हणालो.

मामांचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांचे बोट चित्रावरून सावकाश फिरत होते. खाली गवतातला बेडूक सापडला, गाईपुढचे शेण सापडले. मग बोट बैलाच्या पाठीवर थांबले.

“माशा बघितल्यास? जनावराजवळ तासन्‌तास उभा राहिलेला माणूस आहे हा.”

मामांनी त्याच वर्षी बैलजोडी विकली होती. प्रत परत मागायचा मला धीर झाला नाही. निघताना पाहिले, तर रिकाम्या गोठ्यात, दावणीच्या वर, मामा भिंतीत खिळा ठोकीत होते.