नाव एका जागी, नोंदी हजार जागी



वसंतातल्या या प्रसन्न संध्याकाळी काव्य, इतिहास किंवा तत्त्वज्ञान यांवर बोलण्याऐवजी मी संगणकातील याद्यांविषयी बोलणार आहे, याची मला थोडी भीती वाटते. पण ज्या याद्यांविषयी मी बोलणार आहे, त्यांत आपल्यापैकी प्रत्येकजण कोठे ना कोठे बसवला गेलेला आहे. बँकेचा अर्ज असो, इस्पितळाचा केसपेपर असो, शाळेचा प्रवेश असो; पडद्यावर 'जिल्हा' असा शब्द येतो, त्याखाली एक यादी उघडते, आणि तिच्यातील एका नावावर आपण बोट ठेवतो. ही यादी कोणी केली, कशी ठेवली आणि ती चुकली तर काय होते, एवढाच आजचा विषय. आमच्या धंद्यात हिला 'लुकअप टेबल' म्हणतात. मी तिला 'नामसूची' म्हणेन.

ही कल्पना आपल्याला परकी नाही. ज्यांनी पेढीवर कीर्द-खतावणी पाहिली आहे, त्यांना कीर्दीतील 'खाते पान' हा रकाना आठवत असेल. रोजचा व्यवहार कीर्दीत टिपायचा आणि त्यापुढे खतावणीच्या पानाचा आकडा घालायचा. त्या आसामीचा पत्ता, त्याचे मागचे येणे-देणे, हे सारे कीर्दीत पुन्हा पुन्हा लिहीत बसायचे नाही; ते खतावणीत एकदाच. कीर्दीतला आकडा म्हणजे 'बाकीचे तेथे पाहा' अशी खूण. संगणकाने केले ते एवढेच की, ही खूण वाचून पान उलटण्याचे काम क्षणात होऊ लागले.

समजा, असे केले नाही. प्रत्येक कारकुनाने जिल्ह्याचे नाव आपल्या हाताने टंकले. कोणी 'पुणे' लिहील, कोणी 'पुणें', कोणी 'पूना', तर कोणी घाईत 'पुणॆ'. माणसाला ही चारही नावे एकच. यंत्राला मात्र ती चार निराळी गावे. मग पुण्याचे खातेदार किती, या साध्या प्रश्नाला खरे उत्तर मिळत नाही. म्हणून नावे एका तक्त्यात ठेवावीत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा, आणि मुख्य नोंदीत फक्त क्रमांक लिहावा, हा पहिला नियम.

या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते एडगर कॉड यांनी. हे जन्माने इंग्रज, आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत ते काम करीत. १९७० साली त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. मोठा माहितीसाठा साध्या तक्त्यांच्या रूपात मांडावा, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध केवळ मूल्यांच्या जुळणीने ठरावा, असे त्याचे सार. १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातला ट्यूरिंग पुरस्कार मिळाला. आज जगातील बहुतेक बँकांचे व्यवहार या पद्धतीच्या तक्त्यांत नोंदले जातात.

या पद्धतीचा एक मोठा गुण असा की, तीत पहारेकरी नेमता येतो. 'खातेदार' या तक्त्यातला जिल्हा-क्रमांक 'जिल्हे' या तक्त्यात असलाच पाहिजे, असे एकदा सांगून ठेवले की यंत्र नसलेला क्रमांक स्वीकारत नाही. आणि ज्या जिल्ह्याच्या नावे नोंदी आहेत, तो सूचीतून पुसूही देत नाही. या बंधनाला आम्ही 'फॉरिन की' म्हणतो. कारकून दमतो, विसरतो, रजेवर जातो. हा पहारेकरी दमत नाही.

येथपर्यंत आम्हा धंदेवाल्यांत एकमत आहे. वाद येथून पुढे सुरू होतो.

पहिला वाद असा. जिल्ह्यांची एक सूची, नात्यांची दुसरी, खाते-प्रकारांची तिसरी, असे करता करता एका साध्या कारभारातही शंभरावर सूच्या होतात. आमचा एक तरुण सहकारी एकदा म्हणाला, "साहेब, या सगळ्यांत असते काय? एक क्रमांक आणि एक नाव. मग शंभर तक्ते कशाला? एकच मोठा तक्ता करू. त्यात 'प्रकार' असा आणखी एक रकाना ठेवू. नावे भरण्याचा पडदाही एकच पुरेल." युक्तिवाद सोपा आणि मोहक आहे, आणि तो करणारा माणूस आळशी असतो असेही नाही. मी स्वतः तरुणपणी अगदी हेच केले होते.

त्याचे फळ काय मिळाले ते सांगतो. एका पतसंस्थेचे काम मी केले होते; तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण दोष माझा होता. माझ्या त्या एकाच मोठ्या तक्त्यात वारसाची नाती होती, आणि खाते बंद करण्याची कारणेही होती. कोठल्याशा पडद्यामागे माझी एक ओळ चुकली आणि वारसाच्या नात्याच्या जागी भलत्याच प्रकारातला क्रमांक लिहिला गेला. पहारेकऱ्याने तो अडवला नाही. कारण त्याला एवढेच ठाऊक होते की, हा क्रमांक मोठ्या तक्त्यात आहे की नाही. तो होता. पुढे काही वर्षांनी एक वृद्ध बाई पतीच्या मृत्यूचा दाखला घेऊन खिडकीशी आल्या. वारस म्हणून त्यांचेच नाव होते. पण नात्याच्या रकान्यात 'पत्नी'ऐवजी 'गाव सोडल्यामुळे' असे छापून आले. कारकून बिचारा गोंधळला. त्याने त्यांना दोनदा परत पाठवले. चाळीस वर्षे ज्यांनी संसार केला, त्यांना आपण पत्नी आहोत याचा पुरावा आणण्यास सांगण्यात आले. मी तो कागद पाहिला त्या दिवसापासून माझे मत बदलले.

तात्पर्य असे की, दोन याद्या दिसायला सारख्या असल्या म्हणून त्या एक होत नाहीत. जिल्हा आणि नाते यांचा आकार सारखा, अर्थ निराळा. स्वयंपाकघरात मीठ आणि पिठीसाखर दोन्ही पांढरी, दोन्ही बारीक. म्हणून कोणी शहाणी गृहिणी ती एका डब्यात ठेवीत नाही. शिवाय आज सारख्या दिसणाऱ्या याद्या उद्या वेगळ्या वाढतात. जिल्ह्याला राज्य जोडावे लागते, खाते-प्रकाराला व्याजाचा दर जोडावा लागतो. मग त्या एका तक्त्यात रिकाम्या रकान्यांचे रान माजते. प्रकार आणि क्रमांक यांची जोडी करून पहारा बसवता येतो, हे खरे. पण मग प्रत्येक नोंदीत प्रकाराचा रकाना वाहावा लागतो, आणि सोपेपणाचा मूळ मुद्दाच राहत नाही. नावे भरण्याचा पडदा एक असावा ही मात्र त्या तरुणाची मागणी रास्त होती. पडदा एक ठेवून मागे तक्ते शंभर ठेवता येतात. आम्ही शेवटी तसेच केले.

दुसरा वाद क्रमांकाचा. सूचीतील खूण निव्वळ आकडा असावी, की वाचून कळेल अशी अक्षरे असावीत? अक्षरे माणसाला सोयीची, यात शंका नाही. पण अर्थ भरलेली खूण अर्थ बदलला की अडचणीत येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या नावात २०१७ साली 'महाराज' हा शब्द आला, आणि स्थानकाची 'सी.एस.टी.एम.' ही खूण पुढे 'सी.एस.एम.टी.' झाली. उलट शहराचे 'बॉम्बे' हे इंग्रजी नाव १९९५ साली जाऊन 'मुंबई' झाले, तरी विमानतळाची खूण 'बी.ओ.एम.' हीच राहिली, आणि सामान कोठे चुकले नाही. देशांच्या आंतरराष्ट्रीय खुणांत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी दिसतात. १९८९ साली ब्रह्मदेशाचे नाव म्यानमार झाले, तेव्हा त्याची अक्षरी खूण 'बी.यू.'ची 'एम.एम.' झाली, पण १०४ हा आकडा होता तसाच राहिला.

याहून वाईट म्हणजे सुटलेली खूण दुसऱ्याला देणे. 'सी.एस.' ही अक्षरे पूर्वी चेकोस्लोव्हाकियाची होती. १९९३ च्या आरंभी तो देश दुभंगला. आणि २००३ साली तीच अक्षरे सर्बिया-मॉन्टेनेग्रो या देशाला दिली गेली. जुन्या दप्तरात 'सी.एस.' दिसले तर कोणता देश समजावा? एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कोणालाही देऊ नये, हा नियम अशा अनुभवांतून आलेला आहे.

तिसरा प्रश्न काळाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा त्याचे २६ जिल्हे होते. आज ३६ आहेत. यात दोन प्रकारचे बदल असतात आणि त्यांची गल्लत होता कामा नये. २०२३ साली उस्मानाबादचे धाराशिव झाले, ते नामांतर. जिल्हा तोच, नाव नवे. सूचीत एका जागी नाव बदलले की लाखो नोंदी आपोआप सुधारतात. परंतु १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर निघाला, ते विभाजन. तेथे नव्या जिल्ह्याला नवाच क्रमांक द्यावा लागतो, आणि कोणते तालुके तिकडे गेले हे पाहून एकेक नोंद तपासावी लागते.

नामांतरातही एक पेच राहतोच. डहाणूत १९८० साली जन्मलेल्या माणसाच्या जन्मनोंदीत जिल्हा कोणता? आज डहाणू पालघर जिल्ह्यात आहे. पण त्या दिवशी तो ठाण्यात होता, आणि त्याच्या जुन्या दाखल्यावर तसेच आहे. उस्मानाबादच्या शाळेतला जुना दाखला आणि धाराशिवचा नवा दाखला एकाच माणसाचे असू शकतात. म्हणून चांगल्या नामसूचीत जुने नाव पुसत नाहीत. प्रत्येक नावापुढे 'केव्हापासून' आणि 'केव्हापर्यंत' अशा दोन तारखा ठेवतात. नव्या अर्जाच्या यादीत जुने नाव दिसत नाही. जुन्या नोंदीतून ते नाहीसेही होत नाही. सूचीला स्मृती असावी लागते.

शेवटी एक गोष्ट. कोणतीही सूची पुरी नसते. तीत न बसणारा माणूस केव्हातरी समोर येतोच. अशा वेळी 'माहीत नाही' आणि 'लागू नाही' ही दोन उत्तरे निराळी ठेवावीत. स्त्री-पुरुष नोंदण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणातही त्यांना ० आणि ९ असे निराळे आकडे आहेत. विधवेच्या अर्जात पतीची मिळकत 'माहीत नाही' असे नसते. ती 'लागू नाही' असते. हा फरक ज्या सूचीत नाही, ती सूची माणसाला खोटे बोलायला लावते; कारण पुढे जाण्यासाठी त्याला कोठेतरी बोट ठेवावेच लागते.

तेव्हा पुढे कधी अशी यादी समोर उघडली आणि तीत आपले योग्य नाव सापडले नाही, तर जवळचे काहीतरी निवडून मोकळे होऊ नका. खिडकीपलीकडच्या माणसाला तसे सांगा. तो निरोप आमच्यापर्यंत पोचला, तरच आम्हाला सूची सुधारता येते. त्या वृद्ध बाई तिसऱ्यांदा आल्या म्हणूनच माझी चूक मला कळली.