माघातील मोगरा

मार्च १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची स्मृती म्हणून जबलपुरात कमानिया गेट उभे राहिले. त्याच्या आसपासच्या दाट वस्तीत बाग म्हणजे बहुधा अंगणातील चार कुंड्याच. पण त्यांत एक मोगरा असला तर माघाचे काम नेमके ठरते. मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर. म्हणून आधी काही दिवस पाणी तोडावे, मग फांद्या निम्म्याने छाटून उरलेली पाने खुडावीत. हिरव्या झाडावर कात्री चालविताना हात कचरतो खरा. परंतु येथे माया केली, तर उन्हाळ्यात पानेच फार मिळतात. नंतर माती हलकेच उकरून कुजलेले शेणखत व पाणी द्यावे. पेरांवर हिरवे डोळे फुगले, की पहाटे अंगावर शाल असली तरी वसंत आला म्हणावे.