स्वस्तातली दुनळी

दुनळी बंदूक महाग का पडते, याचं कारण नळ्यांमध्ये नाही, त्या नळ्या एकमेकींना जोडण्याच्या कामात आहे. शेजारी शेजारी बसलेल्या या नळ्या समांतर दिसतात, पण नसतात. बार उडाला की उजवी नळी बंदुकीला किंचित उजवीकडे ढकलते, डावी डावीकडे. दोन्हींचे छर्रे चाळीस यार्डांवर, म्हणजे सुमारे 37 मीटरवर, एकाच जागी पडायला हवेत. त्यासाठी नळ्या पुढे जाताना एकमेकींकडे झुकतील अशा धरायच्या, मधे पट्ट्या बसवायच्या, डाख द्यायचा आणि त्या तापात नळी वाकू द्यायची नाही. बर्मिंगहॅमला हे काम करणारे कारागीर वेगळेच असत.

म्हणून स्वस्त दुनळी हातात घेतली की पहिला प्रश्न हाच, की पैसे वाचवले कुठे? लाकूड साधं आहे, नक्षी नाही, चकाकी कमी आहे, तर काहीच बिघडलं नाही. पण जोडणीत आणि बसणीत वाचवले असतील, तर ती बंदूक फुकटसुद्धा महाग आहे.

आपल्याकडे निवड तशी थोडीच. 1980 च्या दशकात बंदुकांच्या आयातीवर कडक बंधनं आली. तेव्हापासून सर्वसाधारण परवानाधारकापुढे सरकारी आयुध कारखान्यांचा माल, मुंगेर-जम्मूच्या खाजगी कारागिरांचा माल आणि कुणाच्या तरी आजोबांची विलायती बंदूक, एवढेच मार्ग उरले. मुंगेरचा हात जुना आहे. मीर कासिमने 1760 च्या दशकात राजधानी तिथे नेली आणि शस्त्रांचा कारखाना उभा केला, तेव्हापासूनचा. बारा बोअरची काडतुसं तर आपल्या पुण्याजवळच्या खडकीत होतात; तिथला दारूगोळा कारखाना 1869 चा.

आता प्रत्यक्ष परीक्षा. बंदूक मोडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मग नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढा. हे महत्त्वाचं, कारण त्या लाकडातली स्प्रिंग नळ्यांना ताणून धरते आणि सांध्यातला खेळ झाकून टाकते. लाकूड काढून बंदूक बंद करा, दस्ता काखेत दाबा, नळ्या आडव्या हलवून बघा. हाताला जराही टकटक जाणवली, तर सांधा सैल आहे. वरचा खटका बघा. नव्या बंदुकीत तो बंद झाल्यावर मध्यरेषेच्या थोडा उजवीकडे थांबायला हवा. वापरात झीज होईल तसा तो मध्याकडे सरकतो. कोरी बंदूक आणि खटका आत्ताच मधोमध असेल, तर झिजायला जागाच ठेवलेली नाही.

नंतर नळीचं मागचं तोंड आणि ॲक्शनची, म्हणजे नळ्या ज्यात बसतात त्या भागाची, भिंत यांच्यामधली फट. चांगला कारागीर इथे दिव्याची काजळी वापरतो. भिंतीला काजळीचा पातळ हात द्यायचा, बंदूक बंद करायची, उघडायची. नळीच्या तोंडावर काजळी उठली ती जागा टेकते, उरलेली टेकत नाही. टेकते तिथे कानस हलकेच फिरवायची, पुन्हा काजळी, पुन्हा बंद. सगळ्या तोंडावर सारखा काळा ठसा उमटेपर्यंत हे चालतं. या कामाला वेळ लागतो, आणि स्वस्त मालात कात्री लागते ती याच वेळेला. दुकानात काजळी कुणी लावू देणार नाही; पण बंद बंदूक उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली, तर ती बंदूक खाली ठेवा.

नळ्या बंदुकीपासून वेगळ्या करून बोटाला टांगा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. लांब घुमणारा नाद आला तर डाख पक्का. बद्द आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. कोकणातल्या पावसात पाणी त्या फटीत शिरून आतल्या आत गंज धरतं, आणि तो दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. नळीतून खिडकीकडे पाहा: आतली सावलीची रेघ सरळ धावली पाहिजे. तुटली तर पोचा, काळं कडं दिसलं तर फुगवटा.

चाप थोडे जड असतील तर खुशाल असू द्या, हलके मात्र नकोत. नकली काडतुसं घालून सेफ्टी लावा, चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. घोडा पडला, तर ती बंदूक कोणत्याही किमतीला घेऊ नका.

आजोबांच्या विलायती बंदुकीचा मोह मला समजतो. पण तिचं काडतुसाचं घर कदाचित 65 मिलिमीटरचं असेल आणि आजचं काडतूस 70 चं. ते बसतं, मात्र उडताना त्याचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. पिळाच्या पोलादाची नळी असेल, तर तिच्यात आजची दारू घालूच नये.

राहिला प्रश्न, दुसरी नळी हवीच का? 1959 चा शस्त्र कायदा शेतसंरक्षणासाठी मुळात ठासणीची बंदूकच धरतो. ती पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तरच दुसरी गुळगुळीत नळीची. परवाना मिळाला म्हणून रानडुक्कर मारता येत नाही. त्याला 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वेगळी परवानगी लागते. रात्री बागेत बार काढून कळप पिटाळायचा, एवढंच काम असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: तेवढ्याच पैशांत चांगली एकनळी घ्या. तिथे जोडणीचा खर्चच नाही, सगळे पैसे एका नळीत आणि एका सांध्यात जातात.

दुनळीच हवी असेल, तर नाव ऐकून मागवू नका. हाताने बसवलेल्या मालात एकाच कारखान्याचे, एकाच खेपेचे दोन नग सारखे नसतात. दुकानदाराला चार नग बाहेर काढायला लावा आणि प्रत्येकाचं पुढचं लाकूड उतरवून बघा. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच अग्निशस्त्रं ठेवता येतात. एकदा बंदुकीचा नंबर परवान्यावर चढला, की सैल सांध्याची दुनळी परत करणं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा कचेरी, आणि तोवर ती तुमच्याच घरात.