घोड्याचा भाव आणि माणसाचा भाव

विवाह आणि शर्यतीचा घोडा यांचा संबंध काय, असें कोणी विचारलें, तर फ्रँक काप्रा या दिग्दर्शकाच्या ‘ब्रॉडवे बिल’ या १९३४ सालच्या अमेरिकन बोलपटाकडे बोट दाखवावें.

कथानायक डॅन ब्रुक्स हा धनाढ्य हिगिन्सचा जांवई. सासऱ्यानें त्यास कागदी खोक्यांच्या कारखान्यावर नेमलें आहे. इतर जांवई सासऱ्याच्या मुठींत. डॅनचें चित्त मात्र ब्रॉडवे बिल या घोड्यांत. पत्नी मार्गारेट हिला हा छंद उमगत नाहीं. धाकटी मेव्हणी ॲलिस हिला उमगतो. अखेर डॅन कारखाना सोडून घोड्यासह शर्यतीचें मैदान गांठतो. पत्नी सोबत जात नाहीं.

आतां शर्यतींतील ‘भाव’ समजून घेऊं. ज्या घोड्यावर लोकांचा पैसा अधिक, त्याचा भाव कमी. म्हणजे तो जिंकल्यास मिळकत थोडी. बोलपटांत एक वृद्ध कोट्यधीश या घोड्यावर अवघे दोन डॉलर लावतो. तोंडोतोंडीं ती रक्कम फुगत जाते, लोक धांवत सुटतात आणि भाव कोसळतो. घोडा मात्र कालचाच! भाव म्हणजे इतरांचें मत; गुण नव्हे. हिगिन्सच्या घरीं जांवयांची किंमतही अशीच ठरते. आयुष्यभर गुणपत्रिका भरलेल्या मजसारख्या शिक्षकास हा भेद विशेष जाणवतो.

जुगाऱ्यांनीं फितविलेला स्वार लगाम खेंचीत असतांही घोडा जिंकतो, आणि सीमारेषा ओलांडतांच ऊर फुटून मरतो. विनोदी कथेंत हा मृत्यु कशाला? घोडा जगता, तर ही नुसती नशीब उघडल्याची गोष्ट झाली असती. तो गेल्यावरही डॅन कारखान्याकडे परतत नाहीं, म्हणून त्याची निवड खरी ठरते. मार्गारेटशीं घटस्फोट झाल्यावर तो येतो तो ॲलिसला नेण्यासाठीं. आणि खुद्द सासराही घर सोडून त्यांच्यामागें धांवतो!

नायक वॉर्नर बॅक्स्टर यास घोड्यांची भीति वाटे, हें काप्रास सलत राहिलें. त्यानें १९५० सालीं बिंग क्रॉस्बीस घेऊन हीच कथा ‘रायडिंग हाय’ या नांवानें पुन्हा चित्रित केली, आणि जुन्या चित्रणाचा कांहीं भागही तींत वापरला. मर्ना लॉय हिची मूळची ॲलिस मात्र अजूनही पाहण्याजोगी आहे. भाव न विचारतां माणूस ओळखणारी त्या घरांत ती एकटीच.