'ध'चा 'मा' आणि कादंबरीकाराचा न्याय

30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. वार कुणी केले याबद्दल वाद नाही. सुमेरसिंग आणि महंमद युसूफ यांचे गारदी, म्हणजे भाडोत्री शिपाई, थकलेल्या पगाराचे निमित्त करून वाड्यात घुसले. त्यांना सामील असलेला तुळाजी पवार नारायणरावांचे काका राघोबादादा यांचा सेवक होता. धन्याला वाचवायला आडवा पडलेला चापाजी टिळेकर तिथेच मारला गेला. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना दोषी धरले, हेही आपण शाळेपासून ऐकतो. तरीही एका प्रश्नाचे निर्विवाद उत्तर आजवर मिळालेले नाही. पुतण्याला नुसते धरायचे ठरले होते की मारायचेच, आणि मारायचे ते कुणी ठरवले?

लोकांनी मात्र निकाल कधीच देऊन टाकला आहे. दादांच्या हुकमातल्या 'धरावे'मधला 'ध' त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी 'मा' केला आणि 'मारावे' झाले, ही गोष्ट म्हणीसारखी तोंडी बसली. इतिहासकार ग्रँट डफने ती 1826 मध्ये, म्हणजे खुनानंतर 53 वर्षांनी छापली, आणि त्यातही आनंदीबाईंचे नाव त्याने सर्वांची समजूत म्हणून दिले. पुढे खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी' नाटकाने आणि 1944 च्या प्रभातच्या 'रामशास्त्री' चित्रपटाने हे प्रकरण घरोघर पोहोचवले. सारा आरोप ज्या कागदावर उभा आहे, तो कागद आज उपलब्ध नाही. म्हणूनच या खुनावर कादंबरी लिहिणाऱ्याने आनंदीबाईंना खुनी ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

या गोष्टीने कुणाची सोय झाली, हे आधी पाहावे. हुकूम धरण्याचाच होता असे मानले की दादांचे पाप निम्मे होते आणि उरलेले बायकोच्या माथी जाते. शिवाय त्या दिवशी पेशव्यांखेरीज वाड्यातली आणखीही माणसे कापली गेली. एवढा संहार एका अक्षराने उलगडत नाही. चिडलेले, पैशाच्या आमिषाने फुटलेले हत्यारबंद शिपाई राजवाड्यात सोडल्यावर 'धरावे' हा हुकूम तरी कितपत पाळला गेला असता? आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या, नवऱ्याच्या कारस्थानांत त्यांचे लक्ष होते, हे मान्य. पण महत्त्वाकांक्षा म्हणजे खुनाचा पुरावा नव्हे.

कादंबरी म्हणजे इतिहास नाही, लेखकाला कल्पनेची मुभा हवी, असे कुणी म्हणेल. मुभा हवीच. बंद दाराआडचे बोलणे, काकाची भीती, कोवळ्या पेशव्याचा उतावळेपणा, हे सारे लेखकानेच उभे करायचे. पण खऱ्या नावाच्या व्यक्तीवर तो निकाल देतो, तेव्हा वाचक त्याला इतिहास समजूनच स्वीकारतो. आपल्याकडे तर कादंबरीतूनच इतिहास शिकलेली माणसे फार. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी जुनी लोकसमजूत निराधार कशी असेल? लोकसमजुतीवरून लोकांना काय वाटत होते ते नक्की कळते. वाड्यात काय घडले, ते तिच्यावरून ठरत नाही.

असा निकाल न देता ही कादंबरी शनिवारवाड्याबाहेरून लिहिता येईल, आणि त्यासाठी बारामतीसारखी जागा नाही. बारामतीचे नाईक पेशव्यांचे सावकारही होते आणि सोयरेही. बाळाजी विश्वनाथांची मुलगी भिऊबाई बाबूजी नाइकांचे भाऊ आबाजी यांना दिली होती. पहिल्या बाजीरावांच्या मृत्यूनंतर 1740 मध्ये रघुजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी बाबूजींचेच नाव पुढे केले होते. नात्याने जवळ, पैशाने गुंतलेले आणि सत्तेच्या दाराशी येऊन परतलेले हे घराणे. त्याच्याच आश्रयाला कवी मोरोपंत होते, आणि भाऊबंदकीची सर्वांत मोठी कथा, महाभारत, त्यांनी आर्या वृत्तात आणली. खुनाची बातमी अशा घरात आली असेल तेव्हा प्रत्येकाने ती वेगळ्याच हिशेबाने ऐकली असेल. पुढे मार्च 1774 मध्ये इंदापूरच्या पलीकडे, पंढरपूरजवळ कासेगावला दादांनी आपल्याविरुद्ध चालून आलेल्या त्रिंबकमामा पेठ्यांचा पराभव केला आणि त्यात मामा गेले. पुण्यातल्या खुनाची झळ या मुलखाला इतक्या जवळून लागली.

अशा ठिकाणाहून पाहणाऱ्या पात्राला हुकमाचे पत्र दिसणार नाही, फक्त त्या पत्राबद्दलची बोलवा कानावर येईल. आज आपल्याही हाती तेवढेच आहे. बाबूजी नाइकांचा वाडा बारामतीत कऱ्हेकाठी आहे. बारामती-इंदापूरच्या लिहित्या तरुणांनी हा विषय हाती घ्यावा, आणि त्या 'मा'खाली आनंदीबाईंची सही करू नये.