बेंजोच्या तारेतील विज्ञान

१४ एप्रिलची मिरवणूक म्हटली की बेंजो आलाच. दिवा, मुंब्रा, कळव्यापासून कल्याणपर्यंत बेंजोवर भीमगीताची चाल सुरू झाली की वयस्क आयाबायांचेही पाय थिरकतात. पण तारेचा हा आवाज कर्ण्यापर्यंत पोहोचतो कसा, हे वाजवणाऱ्या पोरांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. वादनाबरोबर त्यामागचे विज्ञानही त्यांनी जाणावे, म्हणून हा लेखप्रपंच.

बेंजोचे मूळ जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपरायटरसारखी बटणे असलेले तारवाद्य तयार केले. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झाले आणि पिकअप बसवल्यावर मिरवणुकीचा बेंजो. इलेक्ट्रिक गिटारचा प्राणही हा पिकअपच.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चुंबकाजवळची पोलादी तार स्वतःही किंचित चुंबक बनते. ती छेडली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत अल्पशी वीज निर्माण होते. तार सेकंदाला २०० वेळा कंप पावली, तर वीजही तितक्याच वेळा मागेपुढे होते. ॲम्प्लिफायर तिलाच मोठे करतो. निव्वळ पितळी तार लावली, तर पिकअपला ती जवळजवळ ऐकूच येत नाही.

या शक्तीचा नियम १८३१ साली मायकल फॅरडे यांनी शोधला. ते लोहाराचे पुत्र. शाळा जेमतेम झालेली. पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवारी करताना, बांधायला आलेली पुस्तके वाचून ते शिकले. ‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश मानणाऱ्या घरांत हे नाव मुलांना सांगितलेच पाहिजे.

आता आवाजाच्या जातीविषयी. पिकअप घोडीजवळ असेल तर आवाज टोकदार व चरचरीत येतो. घोडीपासून दूर तारेच्या मध्याकडे नेला तर भरदार होतो. वेढे वाढवले तर जोर वाढतो, पण बारीक झणकार कमी होतो. पिकअप तारांना फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो. सूर बिघडतो आणि लवकर विझतो.

एका कॉइलचा पिकअप आसपासच्या वायरिंगची गुणगुणही उचलतो. १९५५ साली अमेरिकेतील गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी त्यावर उपाय काढला: दोन कॉइल, उलट वेढ्यांच्या आणि उलट ध्रुवांच्या. त्यांत गुणगुण परस्परांना छेदते, तारेचा आवाज मात्र एकत्र येतो. साध्या पिकअपलाही आतून धातूचा पत्रा लावून तो अर्थला जोडला, तर बराच फरक पडतो.

पण गुणगुण घालवण्यासाठी ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थची पिन कधीही तोडू नका! बऱ्याच वाद्यांत तारा केबलमधून ॲम्प्लिफायरच्या धातूच्या पेटीला जोडलेल्या असतात. अर्थ तुटलेला असताना आत बिघाड झाला, तर पेटीतली वीज थेट वादकाच्या बोटांत येते. जयंती मंडळांनी सजावटीच्या खर्चात काटकसर करावी, पण जाणत्या वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा. वाजवणारी पोरे आपलीच आहेत. ती सुखरूप घरी यावीत, आणि त्यांतल्या एखाद्याने उद्या स्वतःच्या हाताने पिकअप गुंडाळावा.