भट्टी बांधणारा

बर्नार्ड लीच आणि शोजी हामादा ही नावं स्टुडिओत चाकावर बसणाऱ्याला नव्यानं सांगावी लागत नाहीत. १९२० मध्ये दोघं जपानहून इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ज गावी आले, त्यांनी तिथे भट्टी लावली, आणि आज ज्याला आपण स्टुडिओ पॉटरी म्हणतो तिचा मोठा प्रवाह तिथून वाहू लागला. हा इतिहास मी अनेकदा वाचला, आणि दर वेळी माझी नजर एकाच नावापाशी अडली: त्सुरोनोसुके मात्सुबायाशी. बहुतेक पुस्तकं त्याला चार ओळींत आटोपतात.

त्याचं महत्त्व कळायला भट्टीपाशीच जावं लागतं. मळलेल्या गोळ्यातून वाडगा वर ओढायला सरावलेल्या हाताला काही मिनिटं पुरतात. अर्धवट वाळल्यावर तो उलटा धरून त्याची बैठक तासायची, पूर्ण वाळला की कच्चा भाजायचा, झिलईत बुडवायचा. इथवर चुकलं तर सुधारता येतं. भट्टीत ती सोय नाही. ५७३ अंशांना मातीतली गारगोटी एकाएकी फुगते. आच एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल तर भांडं तडकतं. पुढे १,२५० च्या वर अंगच घट्ट होऊ लागतं. भाजताना हवा रोखली की भुकेली ज्वाळा झिलईतल्या लोहाचा प्राणवायू ओढून घेते. एक-दोन टक्के लोह असेल तर शेवाळी सेलाडॉन उतरतो, आठ-दहा टक्के असेल तर काळा-तपकिरी तेन्मोकू.

सेंट आइव्जची भट्टी जपानी पद्धतीची, म्हणजे चढावर एकामागे एक कोठ्या असलेली होती. पहिल्या कोठीतून सुटलेली धग पुढच्या कोठ्या तापवते, त्यामुळे जळण वाचतं. पश्चिम कॉर्नवॉल वाऱ्याचा आणि विरळ झाडांचा मुलूख असल्यानं ही बचत मोलाची होती. पण लीच-हामादांनी बांधलेली ती पहिली भट्टी लवकरच खचू लागली.

१९२२ मध्ये मात्सुबायाशी आला. चहासाठी प्रसिद्ध असलेल्या उजी गावच्या आसाही कुंभारघराण्यातला, पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा असलेला आणि शिवाय अभियांत्रिकी नि रसायनशास्त्र जाणणारा. त्यानं तीन कोठ्यांची भट्टी नव्यानं बांधली. भट्टी, माती, झिलई यांवर तो शिष्यांना व्याख्यानंही देई. कॅथरीन प्लेडेल-बूव्हरी आणि मायकेल कार्ड्यू त्या काळात तिथे शिकत होते. १९२४ मध्ये तो परतला. त्याची भट्टी मात्र लाकडावरून तेलावर गेली आणि १९७० च्या दशकापर्यंत चालली.

लीचच्या लेखी मात्सुबायाशी उत्तम तंत्रज्ञ होता; कलावंत म्हणून त्यानं त्याला फारसं मानलं नाही. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो. ज्या सेलाडॉनवर, ज्या तेन्मोकूवर लीचची कीर्ती उभी राहिली, ते रंग या माणसाच्या कमानींखाली पिकले. ज्वाळा कुठून वळवायची, धुराडं किती ओढणार, हे ठरवणं भांड्याला आकार देण्याइतकंच सर्जनाचं काम आहे.

हाच वाद पुढे लीचच्या घरातच पुन्हा उभा राहिला. १९३४ मध्ये वडील जपानला गेले असताना मुलगा डेव्हिड स्टोक-ऑन-ट्रेंटला, म्हणजे कारखानदारी चिनीमातीच्या बालेकिल्ल्यात, रीतसर तंत्र शिकायला गेला. वडिलांना ते रुचलं नाही. पण डेव्हिडनं परत येऊन मातीचं मिश्रण सुधारलं, भट्टी तेलावर घेतली, आणि रोजच्या वापरातल्या भांड्यांचं नियमित उत्पादन त्यातून उभं राहिलं. सेंट आइव्जचा रोजचा संसार त्या भांड्यांवर चालला.

मात्सुबायाशीची विद्या सर्वांत मनापासून झेलली ती प्लेडेल-बूव्हरीनं. १९२५ मध्ये ती कोलशिलला घरच्या इस्टेटीत परतली आणि त्याच्याच आराखड्यावरून तिनं दोन कोठ्यांची लाकडावरची भट्टी बांधली. इथे जळणाला तोटा नव्हता. १९२८ पासून नोरा ब्रेडन जोडीला आली, आणि दोघींनी राखेच्या झिलईचा जो अभ्यास केला त्याला तोड नाही. इस्टेटीतलं एकेक झाड, झुडूप, गवत वेगळं जाळायचं, राख चाळायची, फेल्डस्पार आणि मातीत ठरल्या मापानं मिसळायची, चाचणी भाजायची, वहीत नोंदायची. लाकडाच्या राखेत चुना जास्त, म्हणून ती झिलई सहज वाहते. गवताच्या राखेत वाळूचा अंश जास्त, म्हणून ती जड आणि दुधाळ उतरते. प्लेडेल-बूव्हरीच्या वाडग्यांवरचे करडे, फिकट हिरवे, हस्तिदंती रंग या चाचण्यांतून आले.

१९४६ मध्ये तिनं कोलशिल सोडलं. किल्मिंग्टनच्या नव्या घरी आधी तेलावरची, मग विजेवरची भट्टी आली, आणि विजेच्या भट्टीतही ती राखेचीच झिलई वापरत राहिली.